साउदॅम्प्टनच्या पाण्यावरून उडणाऱ्या विमानांच्या शोधात

गुरुवार : लंडनहून प्रस्थान

साउदॅम्प्टनची ही सफर खरे तर लंडनमध्येच, व्हिक्टोरिया स्थानकाला लागून असलेल्या बकिंगहॅम पॅलेस रोडवर सुरू होते. मधोमध उंच मनोरा, त्यावर घड्याळ आणि दोन्ही अंगांना वळत गेलेल्या बाजू असलेली एक पांढरट दगडी इमारत तेथे उभी आहे. ब्रिटनच्या सरकारी खर्चाचे लेखापरीक्षण करणारे राष्ट्रीय कार्यालय आज त्या इमारतीत असल्यामुळे आत जाण्याचा प्रश्न नव्हता. परंतु प्रवेशद्वारावरचे शिल्प रस्त्यावरूनही नीट दिसते. पृथ्वीच्या गोलावर दोन पंखधारी आकृती झेपावलेल्या आहेत. हिशेब तपासनिसांच्या दारावर असे शिल्प कसे, असा प्रश्न सहज पडावा. त्याचे उत्तर असे की, ही इमारत 1939 साली इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीचे ‘एम्पायर टर्मिनल’ म्हणून बांधली गेली. प्रवाशांनी येथे यावे, सामान आणि कागदपत्रे तपासून घ्यावीत, मागच्या दाराने थेट व्हिक्टोरिया स्थानकाच्या फलाटावर उतरावे आणि खास गाडीने साउदॅम्प्टनला जाऊन समुद्रावरच्या विमानात बसावे, अशी योजना होती.

ही इमारत जून 1939 मध्ये वापरात आली आणि सप्टेंबरात युद्ध सुरू झाले. कंपनीच्या फ्लाइंग बोटींची, म्हणजे बोटीसारख्या पोटावर पाण्यात उतरणाऱ्या विमानांची, उड्डाणे साउदॅम्प्टनहून पश्चिमेकडील ‘पूल’ नावाच्या बंदरात हलवण्यात आली. म्हणजे ज्या कामासाठी एवढा मनोरा उभारला, ते काम त्या स्वरूपात जेमतेम एक उन्हाळा चालले. फ्लाइंग बोटींच्या इतिहासात असे पुन्हा पुन्हा घडलेले दिसते: सोय पूर्ण होते तोवर तिची वेळ निघून गेलेली असते.

व्हिक्टोरियाचे टर्मिनल होण्यापूर्वी प्रवासी वॉटर्लूहून आदल्या संध्याकाळी निघत. म्हणून मीही वॉटर्लूची गाडी धरली. साधारण सव्वा तासाचा प्रवास आहे आणि वाटेत सांगण्यासारखे फारसे काही नाही.

साउदॅम्प्टनला माझा मावसभाऊ बरीच वर्षे राहतो. स्थानकावरून घरी जाताना मी कशासाठी आलो आहे ते त्याला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “अरे, इथे सगळे टायटॅनिक बघायला येतात. फार तर स्पिटफायर, ते युद्धातले लढाऊ विमान. पाण्यावरून प्रवासी विमाने उडायची हे मला तूच सांगतोयस.” त्याचे म्हणणे अगदी खरे आहे. टायटॅनिक येथून एकदाच सुटली आणि तिच्या खुणा गावभर पाट्या लावून जपल्या आहेत. फ्लाइंग बोटी येथून वर्षानुवर्षे इजिप्त, हिंदुस्थान, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाला गेल्या, पण त्यांच्या खुणा शोधाव्या लागतात.

पहिली खूण त्याच संध्याकाळी पाहिली. जुन्या टर्मिनस स्थानकाशेजारी साउथ वेस्टर्न हाउस ही लाल विटांची, दगडी नक्षीची भारदस्त इमारत आहे. रेल्वे कंपनीचे हे हॉटेल बोटीच्या प्रवाशांसाठी बांधले गेले होते. टायटॅनिकच्या मालक कंपनीचे ब्रूस इस्मे 1912 साली प्रस्थानाच्या आदल्या रात्री येथेच उतरले होते. पुढे पंचवीस वर्षांनी फ्लाइंग बोटीचे प्रवासी याच हॉटेलात रात्र काढू लागले, कारण उड्डाण पहाटे असे. रात्री पाण्यावर उतरणे धोक्याचे असल्याने दिवसाचा जास्तीत जास्त उजेड पदरात पाडून घेणे हे या सगळ्या वेळापत्रकाचे मूळ सूत्र होते. स्थानक 1966 साली बंद झाले, हॉटेलही युद्धाच्या सुरुवातीला बंद झाले ते पुन्हा उघडले नाही आणि आता तेथे राहत्या सदनिका आहेत. दारावरच्या नक्षीखाली भाडेकरूंच्या नावांची बटणे आहेत.

शुक्रवार : गोदीच्या कुंपणाबाहेरून

सकाळी मेफ्लॉवर पार्कमध्ये गेलो. गावात राहून बंदराचे पाणी मोकळेपणाने पाहता येईल अशा जागा फार थोड्या आहेत आणि ही त्यांतली एक. एका हाताला जुनी गोदी, दुसऱ्या हाताला समुद्र हटवून विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत बांधलेली पश्चिमेकडची नवी गोदी आणि समोर टेस्ट नदीचे रुंद पात्र, जे पुढे इचन नदीला मिळून ‘साउदॅम्प्टन वॉटर’ नावाची खाडी होते. या खाडीला ‘वाइट’ नावाच्या बेटाचा आडोसा आहे, त्यामुळे लाटा बेताच्या असतात. शिवाय येथे भरतीचे पाणी लवकर ओसरत नाही, ते बराच वेळ टिकून राहते. मोठ्या जहाजांना जे हवे होते तेच पाण्यावर उतरणाऱ्या विमानांनाही हवे होते. बंदर जगभर प्रसिद्ध होते, लंडनला जोडणारी रेल्वे धक्क्यापर्यंत येत होती आणि जकातीपासून हॉटेलापर्यंत सारी व्यवस्था तयार होती. विमानतळ नव्याने बांधण्याची गरजच नव्हती. धावपट्टी आयती मिळाली होती.

मात्र त्याच कारणामुळे आज पाहण्यासारखे काही उरलेले नाही. सिमेंटची धावपट्टी बंद पडली तरी शेतातही तिचे चर दिसत राहतात. पाण्यावरच्या धावपट्टीचे काय उरणार? म्हणून या शहरात पाहायचे असते ते पाण्याच्या कडेचे: उतार, धक्के, शेड, हॉटेले. त्यांतलेही बहुतेक काही मुळात दुसऱ्याच कामासाठी उभे राहिलेले आहे.

येथून काय काय उडाले ते थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. ब्रिटिश सरकारने साम्राज्यातील पहिल्या दर्जाचे सर्व टपाल जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजना आखली; अर्ध्या औंसाच्या पत्राला दीड पेनी. एवढे टपाल वाहायचे तर मोठी विमाने हवीत आणि वाटेतल्या बहुतेक देशांत मोठ्या विमानांना पेलणाऱ्या धावपट्ट्या नव्हत्या. समुद्र, नद्या आणि तलाव मात्र सगळीकडे होते. इम्पीरियल एअरवेजने रॉचेस्टरच्या शॉर्ट ब्रदर्स कंपनीकडे 28 फ्लाइंग बोटी एकाच वेळी, एकही नमुना उडवून न पाहता, केवळ आराखड्यावरून मागवल्या. आर्थर गूज यांनी रचलेल्या या ‘सी वर्गा’तील पहिली कॅनोपस जुलै 1936 मध्ये उडाली. चार इंजिने, 114 फुटांचे पंख, दिवसा 24 प्रवासी आणि एक खास दालन, ज्यात प्रवासी जागेवरून उठून खिडकीपाशी कठड्याला टेकून खालचा मुलूख पाहत उभे राहू शकत. टपाल योजनेचे पहिले उड्डाण 29 जून 1937 रोजी सेंच्युरियन या बोटीने साउदॅम्प्टनहून आफ्रिकेच्या दिशेने केले. फेब्रुवारी 1938 मध्ये हिंदुस्थान व मलाया आणि त्याच वर्षीच्या जुलैअखेर ऑस्ट्रेलिया या योजनेत आले.

हिंदुस्थानचा मार्ग नकाशावर पाहण्यासारखा आहे. भूमध्य समुद्र ओलांडून अलेक्झांड्रिया, मग गॅलिलीचा जलाशय, इराकमधील हब्बानिया तलाव, बसरा, बहारीन, दुबई आणि कराची. कराचीनंतर समुद्र संपतो, म्हणून विमान राजपुतान्यातील राजसमंदच्या तलावावर उतरे, तेथून शिंद्यांच्या ग्वाल्हेरला, मग अलाहाबादला आणि कलकत्त्याला हुगळीवर. मराठी सरदारांनी वसवलेल्या संस्थानाच्या तलावावर साउदॅम्प्टनहून निघालेले विमान उतरत होते, ही गोष्ट ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या जुन्या माणसांनी पाहिली असणार.

मुंबई या मार्गावर नव्हती, पण तिचा संबंध त्याहून जुना आहे. जे. आर. डी. टाटा यांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणलेले टपाल हे इंग्लंडहून इम्पीरियल एअरवेजने कराचीपर्यंत पोहोचवलेलेच टपाल होते. पुढे फ्लाइंग बोटी आल्यावरही कराचीला उतरवलेल्या थैल्या टाटांची विमाने मुंबई, मद्रास आणि कोलंबोकडे नेत. त्या वर्षांत इंग्लंडहून पुण्या-मुंबईच्या घरांत आलेल्या पत्रांपैकी पुष्कळशी मी पाहत होतो त्याच पाण्यावरून उचलली गेली होती.

‘सी वर्गा’च्या एकूण 42 बोटी तयार झाल्या. त्यांतली आज जगात एकही शिल्लक नाही. अपघातात, युद्धात आणि शेवटी भंगारात त्या सगळ्या गेल्या.

दुपारी जुन्या गोदीच्या फाटकापर्यंत चालत गेलो. या कुंपणाच्या आत 50 क्रमांकाचा धक्का आहे आणि युद्धानंतरच्या काळातील खरे टर्मिनल तेथे होते. बीओएसीने, म्हणजे इम्पीरियल एअरवेजच्या जागी आलेल्या सरकारी कंपनीने, 14 एप्रिल 1948 रोजी ते सुरू केले. त्याआधी प्रवाशांना छोट्या लाँचमधून पाण्यात उभ्या विमानापर्यंत न्यावे लागे. वारा असेल तर हे चढणे-उतरणे अवघडच. नव्या टर्मिनलमध्ये पाण्यावर तरंगणारे इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचे धक्के बसवले होते. विमान शेपटीकडून दोरखंडांनी आत ओढून घेत, ते भरती-ओहोटीबरोबर धक्क्यासह वर-खाली होई आणि प्रवासी कोरड्या पायांनी आत शिरत. मला वाटते, फ्लाइंग बोटींच्या बाबतीत कोणी केलेली ही सर्वांत शहाणपणाची सोय असावी. मे 1948 पासून येथून सोलंट जातीची विमाने जोहान्सबर्गसाठी निघू लागली. वाटेत नाईल नदी, व्हिक्टोरिया सरोवर आणि झांबेझी, रोज रात्री जमिनीवरच्या हॉटेलात मुक्काम आणि सुमारे साडेचार दिवसांनी जोहान्सबर्गजवळच्या वाल धरणावर शेवट.

नोव्हेंबर 1950 मध्ये बीओएसीने फ्लाइंग बोटी कायमच्या बंद केल्या. युद्धात जगभर पक्क्या धावपट्ट्या झाल्या होत्या. हवेचा दाब राखणारी, उंचावरून जाणारी जमिनीवरची विमाने तेच अंतर निम्म्याहून कमी वेळात कापत होती. खाऱ्या पाण्याने पत्रा गंजे, म्हणून देखभाल महाग पडे. प्रत्येक उड्डाणापूर्वी मोटारबोटींनी पाण्यावरून फेऱ्या मारून तरंगते ओंडके, फळ्या आणि इतर जहाजे नाहीत याची खात्री करून घ्यावी लागे. नव्या टर्मिनलला बीओएसीची जेमतेम अडीच वर्षेच लाभली.

शेवटची आठ वर्षे धक्का क्रमांक 50 चालवला तो अक्विला एअरवेज या खासगी कंपनीने. बॅरी एकमन यांनी 1948 साली ती काढली. बर्लिनच्या वेढ्यात तिच्या बोटींनी सामान वाहिले आणि 1949 पासून ती पर्यटकांना मडेरा या पोर्तुगीज बेटावर, पुढे इटलीतल्या काप्रीलाही नेऊ लागली. मडेराला तेव्हा विमानतळच नव्हता, म्हणून हा धंदा चालला. 15 नोव्हेंबर 1957 च्या रात्री तिचे ‘सिटी ऑफ सिडनी’ हे विमान येथून उडाल्यानंतर थोड्याच वेळात इंजिने बंद पडून वाइट बेटावरच्या टेकडीवर कोसळले आणि विमानातील 58 जणांपैकी 45 जण मरण पावले. 30 सप्टेंबर 1958 रोजी कंपनीचे मडेराहून आलेले विमान येथे उतरले आणि साउदॅम्प्टनच्या पाण्यावरची नियमित प्रवासी वाहतूक थांबली.

फाटकावरच्या रक्षकाने अत्यंत सौजन्याने आत जाता येणार नाही असे सांगितले. आत निर्यातीच्या मोटारींच्या रांगा लागलेल्या दिसत होत्या.

शनिवार : सोलंट स्काय आणि वुलस्टन

आजचा दिवस या सफरीतला सर्वांत भरगच्च होता. अल्बर्ट रोड साउथवरचे सोलंट स्काय संग्रहालय बाहेरून एखाद्या गोदामासारखे दिसते, आणि त्याचे कारण आत गेल्याबरोबर समजते: एका विमानासाठीच ते मोठे बांधावे लागले आहे. ‘बीचकोंबर’ या सँडरिंगम जातीच्या फ्लाइंग बोटीने मधला सगळा अवकाश व्यापला आहे आणि बाकीची विमाने, स्पिटफायरसह, तिच्या पंखांखाली आणि आजूबाजूला जागा मिळेल तशी उभी आहेत.

या विमानाचा जन्म 1943 सालचा, ‘सन्डरलँड’ या लष्करी फ्लाइंग बोटीच्या रूपातला. 1947 साली तोफा काढून, नाक-शेपूट गुळगुळीत करून, आत आसने बसवून त्याला प्रवासी रूप दिले गेले. न्यूझीलंडच्या कंपनीने ते ऑकलंड आणि सिडनीदरम्यान चालवले, मग ते ऑस्ट्रेलियात गेले आणि सिडनीच्या रोझ बेहून लॉर्ड हाउ बेटावर 1974 पर्यंत माणसे नेत राहिले. त्या बेटावर तोवर धावपट्टी नव्हती; ती झाली आणि विमानाचे काम संपले. पुढे वैमानिक चार्ल्स ब्लेअर यांनी, म्हणजे अभिनेत्री मॉरीन ओहारा यांच्या पतींनी, ते कॅरिबियन बेटांत नेले. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी ते साउदॅम्प्टनजवळ आले आणि येथल्या संग्रहालयात कायमचे स्थिरावले. त्याची मुख्य कारकीर्द पॅसिफिक महासागरात झालेली आहे हे लक्षात ठेवले पाहिजे. साउदॅम्प्टनच्या स्वतःच्या मार्गावरच्या बोटी कधीच भंगारात गेल्यामुळे त्यांच्या या चुलत बहिणीवर समाधान मानावे लागते.

सर्वांत आधी खाली उभे राहून तिचे पोट पाहावे, असे मी प्रत्येकाला सांगेन. पुढचा भाग बोटीसारखा निमुळता, मधे कणा आणि पंखांच्या थोडे मागे तळाला एकदम एक आडवी पायरी. ही पायरी नसेल तर विमान उडू शकत नाही. वेग वाढतो तशी बोट पाण्याच्या पृष्ठभागावर चढते, परंतु तळाचा मागचा भाग पाण्याला चिकटून राहतो; पायरीपाशी पाणी तुटते, खाली हवा शिरते आणि मग विमान सुटते. समुद्र अगदी आरशासारखा शांत असला तर हीच सुटका कठीण होई. तळाच्या पत्र्यावर रिव्हेटच्या ओळी इतक्या दाट आहेत की हात फिरवला तर खवल्यांसारख्या बोटांना लागतात. प्रत्येक रिव्हेट म्हणजे पाणी शिरण्याची एक शक्यता, आणि ती तपासायला रोज कोणीतरी हातात कंदील घेऊन आत वाकत असणार.

जिन्याने वर जाऊन एका अरुंद दारातून आत शिरता येते. आत विमानापेक्षा रेल्वेच्या जुन्या पहिल्या वर्गाचा भास होतो: छोटी छोटी दालने, समोरासमोर आसने, मधे टेबल ठेवण्याएवढी जागा आणि पाण्याच्या पातळीच्या जेमतेम वर येणाऱ्या खिडक्या. उड्डाणाच्या वेळी या खिडक्यांवर हिरवट पाण्याचा पडदा येई आणि तो अचानक खाली सरकला की प्रवाशांना आपण उडालो हे कळे. एका स्वयंसेवक आजोबांनी मला पुढे, अगदी नाकापर्यंत जाऊ दिले. तेथे नांगर, दोरखंड आणि डोके बाहेर काढण्याचे एक झाकण होते. विमान थांबले की एक कर्मचारी तेथून कमरेपर्यंत बाहेर येऊन पाण्यातल्या बोयाला आकडीने दोर अडकवी. आजोबा म्हणाले, “वैमानिकापेक्षा मला त्याचेच कौतुक वाटते. तो चुकला, तर विमान दुसऱ्या जहाजावर जायचे.” ब्रेक नसलेले, पाण्यावर उभे असतानाही वाऱ्याने फिरणारे वाहन हाकणे हे काम खलाशाचेच होते.

वरच्या मजल्यावर वैमानिकांची खोली आहे. तेथून खालच्या विमानांकडे पाहिले म्हणजे जहाजाच्या कप्तानाच्या उंच कक्षातून धक्क्याकडे पाहिल्यासारखे वाटते. उंची एवढी, पण आतली जागा अरुंद. छतावरच्या झडपा, इंधनाची चाके आणि खटके असे दाटीवाटीने बसवले आहेत की उभे राहताना खांदे आवरून घ्यावे लागतात.

जवळच सॉन्डर्स-रो या विमान कंपनीच्या एका जेट लढाऊ फ्लाइंग बोटीचा नमुना आहे. ती चांगली उडत असे. परंतु तिची कोणाला गरज पडली नाही.

दुपारी इचन नदीवरचा पूल चालत ओलांडून वुलस्टनला गेलो. हा पूल 1977 चा. त्याआधी येथे साखळीवर ओढला जाणारा तराफा चालत असे. पलीकडच्या काठावर सुपरमरीन कंपनीचा कारखाना होता. सप्टेंबर 1940 मध्ये जर्मन बॉम्बफेकीत तो उद्ध्वस्त झाला. आता तेथे नव्या इमारती आहेत, पण पाण्यात उतरणारा जुना स्लिपवे अजून आहे. स्पिटफायर येथे जन्मले हे सारे सांगतात. मला हा उतार त्याहून जुन्या कारणासाठी पाहायचा होता. 1919 च्या शरद ऋतूत रेल्वेचा संप चालू असताना सुपरमरीनच्या उघड्या फ्लाइंग बोटींनी येथून प्रवासी इंग्लिश खाडीपार फ्रान्समधील ल आव्र बंदरात नेले. मग 25 सप्टेंबर 1923 रोजी येथून गर्न्झी बेटापर्यंत नियमित सेवा सुरू झाली. सुपरमरीनचे अभियंते आर. जे. मिचेल यांनी रचलेल्या ‘सी ईगल’ या बोटीत सहा प्रवासी पुढच्या बंद दालनात बसत आणि वैमानिक त्यांच्या मागे, उघड्यावर, वारा आणि फवारा खात. प्रवाशांना आडोसा आणि चालकाला पाऊस, ही पद्धत अर्थातच घोडागाडीच्या काळातली. ही सेवा चालवणारी कंपनी पुढच्याच वर्षी इतर तीन कंपन्यांबरोबर विलीन झाली आणि त्यातून इम्पीरियल एअरवेज जन्माला आली.

उतारावर शेवाळ होते, त्यामुळे ओहोटीच्या रेषेपर्यंत जाण्याचा मोह आवरला. फ्लाइंग बोटीला चाके नसत. दुरुस्तीसाठी ती बाहेर काढायची झाली तर कंबरभर पाण्यात उभ्या माणसांनी तिच्या पोटाला तात्पुरती चाके जोडायची आणि मग दोराने ती शेपटीकडून अशा उतारावर ओढायची. त्यामुळे जेथे जेथे असा रुंद उतार राहिला आहे, तेथे ही विमाने होती असे समजायला हरकत नाही.

रविवार : हाइद आणि कॅल्शॉट

हाइद हे गाव साउदॅम्प्टनच्या समोर, खाडीच्या पश्चिम काठावर आहे. पाण्यावरून दहा-बारा मिनिटांचे अंतर, पण मी गेलो तेव्हा फेरी चालू नसल्याने टेस्ट नदीला वरून वळसा घालून बसने जावे लागले. भाऊच्या धक्क्यावरून रेवस समोर असावे आणि पेणवरून गाडीने जावे, तसाच हा द्राविडी प्राणायाम होता.

इम्पीरियल एअरवेज आणि नंतर बीओएसी यांच्या बोटींची दुरुस्ती हाइदला होत असे. प्रवासी साउदॅम्प्टनला उतरले की रिकामी विमाने या काठाला येत. युद्धानंतर सन्डरलँडची बदललेली जी प्रवासी विमाने कराची, कलकत्ता आणि सिडनीकडे जात, त्यांच्या वर्गाला या गावाचेच नाव मिळाले. हँगरची जागा पुढे अमेरिकी सैन्याच्या ताब्यात गेली आणि आता ती कुंपणामागे आहे. किनाऱ्यावरून छपरांच्या कडा तेवढ्या दिसतात.

गावातली खरी गंमत म्हणजे 1881 साली उघडलेला, जवळजवळ 640 मीटर लांबीचा धक्का आणि त्यावर 1922 साली सुरू झालेली विजेची छोटी आगगाडी. तिची इंजिने पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या कारखान्यात वापरलेली आहेत. कामगार याच धक्क्याने येत-जात असणार. धक्क्याच्या टोकाकडे पाहत उभे राहिले तर समोर साउदॅम्प्टनची गोदी आणि मधे जे रिकामे पाणी, तीच ती धावपट्टी.

हाइदला ह्यूबर्ट स्कॉट-पेन यांचे नाव सांगितले पाहिजे, कारण या सगळ्या धाग्यांची गाठ त्यांच्यापाशी बसते. वुलस्टनची सुपरमरीन कंपनी त्यांनी चालवली, गर्न्झीची सेवा त्यांनी उभी केली, इम्पीरियल एअरवेजचे ते संचालक झाले आणि 1927 मध्ये हाइदला त्यांनी वेगवान मोटारबोटी बांधण्याचा कारखाना काढला. विमानांना लागणाऱ्या लाँच येथेच तयार होत. तेथील एका छोट्या घरावर निळी पाटी आहे: अरबस्तानातील लढ्यामुळे प्रसिद्ध झालेला टी. ई. लॉरेन्स येथे राहून हवाई दलासाठी स्कॉट-पेनच्या बोटींवर काम करत असे. पाटी लॉरेन्सची आहे. स्कॉट-पेन यांचे नाव मात्र फेरफटका मारताना मला कोठे ठळकपणे दिसले नाही.

पुढे बसने कॅल्शॉटला गेलो. येथे जमीन एका लांब वाळूच्या दांड्याने खाडीच्या तोंडाशी संपते आणि टोकावर आठव्या हेन्रीने बांधलेला बुटका, गोल किल्ला आहे. त्याच्या शेजारी तीन प्रचंड शेड आहेत: पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बांधलेली नौदलाच्या विमानांची घरे. 1931 साली श्नायडर करंडकाची, म्हणजे पाण्यावरून उडणाऱ्या विमानांची, शर्यत येथूनच झाली आणि सन्डरलँडची दुरुस्तीही येथेच चाले. आता एका शेडमध्ये सायकल शर्यतीचा गोलाकार मार्ग आणि बर्फावाचून स्की शिकण्याचा उतार आहे. दोन्ही ठिकाणी शाळकरी मुलांचा गलका चालला होता. छताच्या लोखंडी कैच्यांकडे पाहिल्याशिवाय येथे विमाने उभी असत हे लक्षात येत नाही. हवाई दलाने 1961 साली तळ सोडला, आणि लगेच ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे घरेदारे सोडावी लागलेल्या ट्रिस्टन दा कुन्या बेटावरच्या रहिवाशांना दोन वर्षे येथे ठेवले होते. हे मूळ विषयाला सोडून असले, तरी दक्षिण अटलांटिकच्या त्या बेटवासीयांना सकाळी दार उघडल्यावर काय दिसत असेल, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्यांना दिसत असत दोन महाकाय, गुंडाळून ठेवलेल्या फ्लाइंग बोटी. सॉन्डर्स-रो कंपनीची ‘प्रिन्सेस’ ही जगातील अतिशय मोठी फ्लाइंग बोट होती: पंखांचा विस्तार 219 फूट 6 इंच, दहा टर्बोप्रॉप इंजिने आणि 105 प्रवाशांसाठी दोन मजले. तीन बांधल्या, एकच उडाली. तिचे पहिले उड्डाण 22 ऑगस्ट 1952 रोजी झाले आणि बीओएसीने नोव्हेंबर 1950 मध्येच फ्लाइंग बोटी बंद केल्या होत्या, म्हणजे ती उडाली तेव्हाच तिचे गिऱ्हाईक नाहीसे झालेले होते. न उडालेल्या दोघींना आवरणे घालून कॅल्शॉटच्या या फरसबंदीवर ठेवले. त्यांचा उपयोग करण्याच्या अनेक योजना निघाल्या, विरल्या आणि 1967 साली तिघीही तोडल्या गेल्या. आज तेथे मोटारी लावण्याची जागा आहे. फरसबंदी जुनीच, खडबडीत काँक्रीटच्या चौकोनांची. काही चौकोनांत विमाने बांधून ठेवण्यासाठी बसवलेल्या असाव्यात अशा लोखंडी कड्या अजून आहेत. एका कडीला कोणीतरी आपल्या शिडाच्या नावेची गाडी बांधली होती.

सोमवार : ईस्ट काउज

परतीची गाडी संध्याकाळची असल्याने सकाळी मोटारींच्या बोटीने वाइट बेटावरील ईस्ट काउजला जाऊन आलो. साउदॅम्प्टनच्या धक्क्यापासून खाडीच्या मुखापर्यंतचे पाणी समोरून पाहण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. उजव्या हाताला हाइद, मग फॉलीचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि शेवटी कॅल्शॉटची तीन छपरे मागे पडतात. डाव्या हाताला नेटलीची झाडी असते. वाटेत दोन मालवाहू जहाजांना रस्ता द्यावा लागला. एवढ्या वर्दळीतून, बोयांच्या मधून, ताशी शंभर मैलांच्या आसपास वेग घेत विमान उडवायचे, तेही दाट धुक्याच्या मोसमात, ही कल्पना नकाशावर सुखाची वाटते, पाण्यावर तितकी वाटत नाही. फ्लाइंग बोटींच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी ही फेरी एकदा करावी.

काउजच्या बंदरात शिरताच उजवीकडे नव्हे, डाव्या काठावर, पाण्याला लागून सॉन्डर्स-रोची शेड दिसते. तिच्या भल्यामोठ्या दारांवर 1977 साली राणीच्या कारकीर्दीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ब्रिटनचा ध्वज रंगवला, तो तसाच राखला आहे. बेटावर येणारे लोक त्याचेच फोटो काढतात. ‘प्रिन्सेस’ याच दारांतून बाहेर पडली आणि समोरच्या उतारावरून पाण्यात गेली. दारांची रुंदी पाहून तिच्या आकाराचा अंदाज येतो, तो आकड्यांनी येत नाही. धक्क्यावरच्या चहाच्या टपरीवर बसून मी दारांच्या मापाचा मनाशी हिशेब करत होतो, तेवढ्यात परतीच्या बोटीत मोटारी चढवायला सुरुवात झाली.